पाहुण्याच्या जागी

राजशिष्टाचार खात्यातला तो शिपाई नुसता कागदोपत्री शिपाई होता. साहेबांच्या टेबलावर पाणी ठेवणं, फायली या खोलीतून त्या खोलीत नेणं हे तो करायचा, पण ते काय, कुणीही केलं असतं. त्याचं खरं काम निघायचं ते परदेशातून कुणी बडा माणूस येणार असला म्हणजे. अशा भेटीची आधी तालीम होते. मोटार कुठे थांबणार, दार कोण उघडणार, बँड कधी सुरू होणार आणि कधी थांबणार, हे सगळं आधी करून बघतात. आणि करून बघायचं तर पाहुण्याच्या जागी कुणीतरी हाडामांसाचा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे हा. अंगानं भरलेला, उंचीनं बेताच्या जरा वर, आणि चेहरा असा की कुणाचाही म्हणून खपावा. त्यामुळे खात्यात आणि पुढे राहत्या गल्लीतही सगळे त्याला ‘पाहुणा’च म्हणायला लागले. भाजीवालीसुद्धा विचारायची, "काय पाहुणे, यंदा कुठले राजे?"

आजवर तो किती राष्ट्राध्यक्ष झाला आणि किती पंतप्रधान, ते त्याचं त्यालाही आठवत नव्हतं. एकदा तर राणी झाला होता. तेव्हा तालीम संपेस्तोवर बँडवाल्यांनी "राणीसाहेब, झगा सांभाळा" म्हणत त्याचा पिच्छा पुरवला होता. पण चेष्टा कितीही होवो, काम तो जीव ओतून करायचा. खात्याकडे पाहुण्यांच्या जुन्या दौऱ्यांच्या चित्रफिती यायच्या. तो त्या पुन्हा पुन्हा बघून पाहुण्याची चाल उचलायचा. चाल चुकली की सगळंच चुकतं. बँड आधीच थांबतो आणि मंत्री हात पुढे करून बस चुकल्यासारखे ताटकळत उभे राहतात. म्हणून चाल अंगात मुरेपर्यंत तो सोडायचा नाही. भेट उरकली की दोन दिवसांत ती आपसूक उतरायची, सर्दी उतरते तशी.

घरी तो आणि त्याची मोठी बहीण, दोघंच. लग्न त्यानं केलं नव्हतं. कुणी विचारलं तर "पाहुण्याला कोण मुलगी देतंय?" म्हणून उडवून लावायचा. ताईचा नवरा मूल तान्हं असतानाच गेला, आणि ती भावाकडे आली ती कायमचीच. तिचा मुलगा मामाच्याच अंगाखांद्यावर वाढला. त्या पोराचा एक खेळ होता. मामा कामावरून यायच्या वेळेला तो झाडू खांद्याला लावून दारात ताठ उभा राहायचा, सलामीतला सैनिक म्हणून. मामानं परदेशी पाहुण्यासारखं जिना चढून यायचं, त्याच्यासमोर थांबायचं, डोक्यापासून पायापर्यंत निरखायचं, खांद्यावर दोनदा थोपटायचं आणि म्हणायचं, "चल." मग झाडू भिरकावून पोरगं मामाच्या गळ्यात. मिसरूड फुटलं तरी कधी लहर आली की स्वारी दारात उभी असायचीच, आणि ताई आतून ओरडायची, "अरे घोड्या, तो झाडू दे आधी इकडे!"

पोरगा पुढे नर्स झाला. लढाई चालू असलेल्या एका दूरच्या देशात, तिथल्या रुग्णालयात त्याला नोकरी मिळाली. ताईच्या मनात नव्हतं, पण तिनं अडवलं नाही. विमानतळावर ती काचेच्या अलीकडे राहिली. मामा खात्याच्या ओळखीवर पार आतपर्यंत गेला. काचेतून तिला दिसलं ते एवढंच की पोरगा वळून मामाशी काहीतरी बोलला, मामानं त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि पोरगा निघून गेला.

"काय म्हणाला रे?" परतताना तिनं विचारलं होतं.

"काही नाही. आईची काळजी घे म्हणाला."

वर्ष उलटायच्या आत एका सकाळी त्या रुग्णालयावर विमानांतून बाँब पडले. विमानं ज्या देशाची होती त्याचा सर्वेसर्वा टीव्हीवर येऊन म्हणाला की तिथे शत्रू दडून बसला होता. घरी काहीच आलं नाही; अंगावरचा एक सदरासुद्धा नाही. तेव्हापासून त्या घराच्या उंबऱ्याशी, पोरगा झाडू घेऊन उभा राहायचा तिथली हातभर जागा रिकामी असायची. तिथे कुणी चपला काढायचं नाही. केर काढतानाही ताईचा झाडू त्या जागेला वळसा घालायचा. पाहुणा घरात शिरताना तेवढी जागा ओलांडून पाय टाकायचा. याबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोलले नव्हते.

आणि काही वर्षांनी तोच सर्वेसर्वा आता इथे येणार होता, सरकारी पाहुणा म्हणून.

बातमी फुटली तसा गावभर एकच कल्ला उठला. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली माणसं खुर्चीवर उठून बसून भांडत होती. एकजण म्हणाला, त्याच्याकडचा गॅस हवा ना तुम्हाला, मग त्याला बसायला खुर्चीही द्यावी लागेल. दुसऱ्याचं म्हणणं, गॅस नको आणि तोही नको. खुद्द न्हावी काळे झेंडे घेऊन जाणाऱ्यांतला होता, आणि हे तो हातात वस्तरा घेऊन सांगत असल्यामुळे खुर्चीतल्या माणसाला मान डोलवावीच लागायची. पाहुणा आत आला की मात्र सगळे गप्प व्हायचे. त्याचा भाचा कसा गेला हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तो पोटासाठी काय करतो हेही.

साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. "पाहुणे, बसा," म्हणाले. साहेब त्याला कधी बसा म्हणत नसत. तो खुर्चीच्या कडेला टेकला.

"सरकारनं तोड काढली आहे. त्या लढाईत आपल्याकडची जी माणसं गेली, त्यांच्या घरच्यांना तो भेटणार. सांत्वन करणार. म्हणजे विरोध करणाऱ्यांची तोंडंही बंद होतील. तुमच्या बहिणीलाही बोलावणं आहे." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "यायलाच हवं असं नाही हं. आणि या खेपेला तालमीला तुम्ही नको. मी दुसरा कुणीतरी बघतो. मला कळतं हो."

त्याला हायसं वाटलं. ताई नकोच म्हणणार, याची त्याला खात्री होती. घरी येऊन त्यानं सांगितलं तेव्हा ती शेंगा सोलत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "जाईन मी."

"काय करायला?"

"विचारायला." शेंग तिच्या हातात तशीच राहिली. "फोनवर तो मला सांगायचा ना, की आई, छपरावर केवढी मोठी खूण रंगवलीय, रुग्णालयाची. आकाशातून लख्ख दिसते, तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. मला त्या माणसाला एवढंच विचारायचंय, की ती खूण दिसली होती का. हो का नाही, बास."

"ताई, तो काय खरं सांगणारे?"

"दिसली होती म्हणाला तरी चालेल मला. नाही म्हणाला तरी चालेल. खोटं बोलला तर तोंडावर कळेल. रोज सकाळी उठते ना, तेव्हा अर्धं मन म्हणतं दिसली नसेल, अर्धं म्हणतं दिसली असणार. या दोघांच्या मध्ये मी दळली जातेय रे. एकदा कळू दे."

साहेबांनी आपल्याला तालमीतून मोकळं केलंय, हे त्यानं सांगितलं. तशी ती ताडकन म्हणाली, "काही नको. तूच कर. आणि त्याला नीट शिक. तो कसा उभा राहतो, कसा बघतो, सगळं. आयत्या वेळी समोर अनोळखी माणूस बघून माझी जीभ टाळ्याला चिकटली तर? तुझ्यासमोर एकदा विचारून बघते. मग त्याच्यासमोर जमेल."

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी येऊन तिला समजावलं की वहिनी, तुम्ही तिथे उभ्या राहिलात तर जगाला वाटेल तुम्ही त्याला माफ केलंत. ताई म्हणाली, "जगाला काय वाटायचं ते वाटू दे. जगानं येऊन माझा दरवाजा वाजवला नाही कधी." मास्तर चहा न घेताच जिना चढून गेले.

मग पाहुणा चित्रफिती बघायला बसला. तो माणूस कारखान्यांतून चालत होता, शाळांतून, इस्पितळांतून. डावा पाय उजव्याच्या मागून जरासा उशिरा यायचा. एका हाताचा अंगठा सतत कोटाच्या मधल्या बटणावर, दुसरा हात पाठीमागे. कुणी बोलू लागलं की मान किंचित कलती करून ऐकायचा, कानानं कमी ऐकू येत असल्यासारखा. एवढंच. शिकायला तसं फार नव्हतं. पण आजवर कुठलीही चाल त्याच्या अंगात इतक्या झटपट शिरली नव्हती. संध्याकाळी तो जिना चढत आला तर आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि ताईचा घाबरा स्वर, "कोण आहे?"

"मीच गं."

"पावलं तुझी नव्हती," ती म्हणाली, आणि पडलेलं भांडं उचलायचं सोडून त्याच्या पायांकडे बघत राहिली.

त्यानं आपल्या चालीनं चालून बघितलं. जमेना. आपण मुळात कसे चालायचो तेच त्याला आठवेना. तो काही कधी चित्रफितीत नव्हता. न्हाव्याच्या आरशात त्याला दिसलं की आपला अंगठा सदऱ्याच्या बटणावर आहे. न्हाव्यालाही ते दिसलं असावं, कारण त्याचा वस्तरा गालावर क्षणभर थांबला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दारातली ती जागा. इतकी वर्षं तो ती न चुकता ओलांडत आला होता. आता मागून येणारा डावा पाय नेमका तिथेच पडायचा. पहिल्यांदा पडला तेव्हा त्यानं चटका बसल्यासारखा उचलला. दुसऱ्यांदाही पडला. खोलीत कुणीतरी श्वास रोखून उभं आहे असं त्याला वाटलं, आणि त्या कुणाकडेतरी बघायचा त्याला धीर झाला नाही.

भेटीच्या आदल्या दिवशी सरकारी सभागृहात तालीम झाली. गालिच्याच्या कडेला खडूच्या खुणा केल्या होत्या आणि प्रत्येक खुणेवर एकेका घरचं माणूस उभं होतं. कुणी बाप, कुणी बायको, एक म्हातारे काका. ताई शेवटून दुसरी होती. ठेवणीतले कपडे घातले होते, आणि पिशवीचे बंद दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. दुभाषा तरुण होता, तो प्रत्येकाला सांगत होता, "थोडक्यात बोला, म्हणजे मला नीट सांगता येईल."

साहेबांनी खूण केली आणि पाहुणा निघाला. डावा पाय उशिरा, अंगठा बटणावर. रांगेतली माणसं पहिल्यांदा कसनुशी हसली, हा तर खात्यातला शिपाई म्हणून. पण तो एकेकासमोर थांबत, मान कलती करत पुढे येऊ लागला तसं ते हसू मावळलं. म्हातारे काका तर एक पाऊल मागे सरले. बघता बघता तो ताईसमोर येऊन उभा राहिला.

ताईनं त्याच्याकडे बघितलं. लहानपणी ज्याचं नाक पुसलं त्या भावाकडे ती बघत नव्हती, हे त्याला स्वच्छ कळलं.

"छपरावर खूण होती," ती म्हणाली. शब्द सुटे सुटे येत होते. "रुग्णालयाची. माझा मुलगा खाली काम करत होता. तुमच्या माणसांना ती दिसली होती का?"

त्यानं मान कलती केली. सगळं ऐकलं. तिला मिठी मारावी, तिचे पाय धरावेत असं त्याला झालं. आणि तेवढ्यात त्याचा हात उठला, तिच्या खांद्यावर गेला, दोनदा थोपटलं, आणि तो पुढे चालू लागला. पुढच्या खुणेवर पोचेपर्यंत त्याला मागे वळता आलं नाही.

तालीम संपल्यावर साहेब जवळ आले. "ते थोपटणं कुठून आणलंत हो? मी नव्हतं बघितलं."

"करतो तो तसं," पाहुणा म्हणाला. त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"तुम्ही म्हणता म्हणजे करत असेल," साहेब म्हणाले. या शिपायानं उचललेली चाल आजवर चुकली नव्हती.

परतताना बसमध्ये बहीणभाऊ शेजारी शेजारी बसले. ताई खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "विचारलं की असं करतो तो? थोपटतो आणि पुढे जातो?"

"हो ताई."

"हो का नाही, काहीच नाही?"

"नाही."

ती पुन्हा खिडकीकडे वळली. घर आल्यावर दारात तिनं चपला काढल्या आणि उभ्यानंच सांगितलं, "उद्या मी जात नाही. उत्तर नाही दिलं तर नाही दिलं, तेही सोसलं असतं मी. पण तो हात? माझ्या अंगाला लागलेला मला सहन व्हायचा नाही रे. तुझा होता तरी शहारा आला मला." त्यानं साहेबांना फोन करून कळवलं. मनातून त्याला बरंच वाटलं. ताईची विटंबना तरी टळली, असं तो स्वतःशी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली ओस पडली होती. न्हाव्यानं दुकान बंद ठेवलं होतं आणि तो मोर्चाला गेला होता. प्रत्यक्ष भेटीच्या दिवशी पाहुण्याला काहीच काम नसतं. खरा पाहुणा आल्यावर खोट्याला कोण विचारतंय? तो घरीच होता. ताईनं आपणहून टीव्ही लावला आणि ती हात मांडीवर ठेवून समोर बसली.

टीव्हीवर तो सर्वेसर्वा मोटारीतून उतरला. डावा पाय उशिरा, अंगठा मधल्या बटणावर. अगदी तंतोतंत, आणि लाज वाटली तरी पाहुण्याच्या मनाला क्षणभर गुदगुल्या झाल्या. बँड नेमका वेळेवर थांबला. मग तो सभागृहात आला, रांगेपाशी. पहिल्या बापासमोर थांबला. मान कलती. अंगठा बटणावर, दुसरा हात पाठीमागे. पुढे सरकला. पुन्हा थांबला. म्हातारे काका काहीतरी तावातावानं बोलले, ते त्यानं ऐकून घेतलं. अंगठा बटणावर, हात पाठीमागे.

ताईच्या खुणेवर आता एक तरुण बाई उभी होती. रांगेत तिला पुढे सरकवलं असणार. तिनं काहीतरी विचारलं. दुभाषा त्या माणसाच्या कानाशी लागला. तो माणूस तिच्याकडे बघत राहिला, आणि मग बोलू लागला. एखादा शब्द बोलून सुटला नाही. चांगलं बराच वेळ बोलला. टीव्हीवरचा निवेदक मध्येच दोन देशांच्या जुन्या संबंधांबद्दल बडबडत होता, त्यामुळे काही ऐकू आलं नाही. त्या बाईनं डोळे मिटले, उघडले आणि एकदा मान हलवली. कशाला मान हलवली, देव जाणे. तो पुढे गेला. त्याचे हात होते तिथेच होते.

"त्यानं हात नाही लावला," ताई म्हणाली.

"आज नसेल लावला."

"कुणालाच नाही लावला."

पाहुण्यानं मनातल्या मनात चित्रफिती आठवायला सुरुवात केली. कारखाना, शाळा, इस्पितळ. अंगठा बटणावर, हात पाठीमागे. पुन्हा पहिल्यापासून आठवलं. तो हात पाठीमागून एकदाही पुढे आला नव्हता.

"काहीतरी बोलला तो तिच्याशी," ताई म्हणाली. "माझ्याशीही बोलला असता."

टीव्हीवर आता गालिचा रिकामा होता. ताईनं उठून तो बंद केला, आणि त्याच्याकडे पाठ करूनच विचारलं, "मग काल माझ्या खांद्यावर हात कुणाचा होता रे?"

"माझा," तो म्हणाला.

ती दाराकडे बघत होती, उंबऱ्याशेजारच्या त्या जागेकडे. रागावलेली दिसत नव्हती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"विमानतळावर तो तुला काय म्हणाला होता?"

"सांगितलं ना तुला. काळजी घे..."

"मला काचेतून ऐकू आलं नव्हतं, पण दिसलं होतं. काळजी घे म्हणताना माणसाचं तोंड तसं होत नाही. त्यानं तुला काहीतरी विचारलं होतं."

इतकी वर्षं तो प्रश्न त्यानं गिळून ठेवला होता. "‘मामा, राहू का मी इथेच?’ म्हणाला."

ताई हळूहळू खाली बसली, दारातल्या त्या रिकाम्या जागेला पाठ टेकल्यासारखी. मग अगदी साध्या, रोजच्या आवाजात तिनं विचारलं, "आणि तू काय म्हणालास?"

तो तिच्याजवळ गेला. सांगायला तोंड उघडलं, पण त्याच्या आधी उजवा हातच वर आला, विमानतळावर आला होता तसाच, तिच्या खांद्याच्या रोखानं. त्यानं तो दुसऱ्या हातानं घट्ट पकडला, आणि तसाच धरून तिच्यासमोर उभा राहिला.